सांडशी आणि पर्जन्यमापक

शनिवार, ६ जून २०२०. डेल्फ्ट

आज घडलं ते असं:

१. दुपारी समुद्राकडून गडगडाटी ढग आले. ते अंदाजात होते.
२. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम करत होते. आई बाल्कनीत होती.
३. वीज चमकली. पाठोपाठ गारा सुरू झाल्या.
४. आई आत आली, ओट्यावरची लोखंडी सांडशी उचलली आणि बाल्कनीतून बाहेर फेकली.
५. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.
६. तळमजल्यावरच्या बागेत एक पर्जन्यमापक होता. सांडशी त्यावर पडली. तो फुटला.
७. गारा थांबल्या.

सातव्या मुद्द्याचा चौथ्याशी काही संबंध नाही. आईच्या मते आहे.

"हे काय केलंस?"

"गारा आल्या की अंगणात लोखंड टाकायचं असते. माझी आई विळा टाकायची."

"इथे अंगण नाही."

"ते फेकल्यावर लक्षात आलं."

मी बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. दर चौदा ऑक्टोबरला हिनेच माझ्याकडून आणि दादाकडून त्या घोकून घेतल्या आहेत, उच्चार चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. निवृत्त शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, हिंगणघाट.

"प्रतिज्ञा डोक्यानं घेतल्या न," आई म्हणाली. "हाताला कुठं कोणी विचारलं होतं?"

विद्यापीठाच्या मेलमध्ये सुचवलंय की घरून काम करणाऱ्यांनी रोज थोडं लिहावं, मन हलकं होतं. मी रोज लिहिणार नाही. काही घडलं तर लिहीन. आज घडलं.

रविवार, ७ जून

खाली जाऊन माफी मागितली. मास्क लावून, दारापासून दोन मीटरवर उभं राहून. नियम दीड मीटरचा आहे. अर्धा मीटर मोजमापातल्या चुकीसाठी. या इमारतीत मास्क लावणाऱ्या आम्ही दोघीच. बाकीचे लोक आमच्याकडे असे पाहतात, जणू आम्हीच तो आजार आणला.

खालच्या बाईंचं नाव टिनेके. वय सत्तरच्या पुढे, एकट्या राहतात. फुटलेला पर्जन्यमापक त्यांच्या नवऱ्याने बसवला होता, आणि रोज सकाळी त्या त्यात किती पाऊस साठला ते बघून हवामान हौशींच्या एका गटाला कळवतात. मी स्वतः पावसाच्या रडारवर काम करते. रडार लांबून थेंब पाहतं आणि किती पाऊस पडला असेल याचा तर्क करतं. खरोखर किती पडला हे जमिनीवरचं भांडंच सांगतं. माझं सगळं काम अशा भांड्यांच्या भरवशावर चालतं, आणि माझ्या आईने त्यातलं एक सांडशीने फोडलं.

त्यांना कारण सांगताना मला थोडं अवघड गेलं. "आमच्याकडे गारांसाठी लोखंड बाहेर टाकतात" हे वाक्य मी आजवर कोणत्याही भाषेत बोलले नव्हते. त्या हसतच सुटल्या. त्यांचं लहानपण अमेरिकेत गेलं, आयोवात, एका डच वस्तीतल्या गोठ्याशेजारी. वादळ आलं की त्यांची आजी घरातले आरसे झाकायची आणि कात्र्या खणात ठेवायची.

"मग बरं," त्या म्हणाल्या. "माझी आजी लोखंड लपवायची, तुझी फेकायची. दोघींपैकी कोण बरोबर, हे कधी तपासलंय का तुम्ही विद्यापीठात?"

मी नाही म्हटलं. प्रयोगशाळेतला एक जादा पर्जन्यमापक आणून देईन, असंही म्हटलं. त्यांनी सांडशी परत दिली. मी ती साबणाच्या पाण्याने धुतली.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"रागावल्या नाहीत."

"ते वरून दिसलंच मला. आणखी काय म्हणाल्या?"

गुरुवार, ११ जून

दूतावासाच्या यादीत आईचं नाव नोंदवून झालं आहे. भारतात परत नेणारी विमानं सुरू आहेत. नंबर लागला की मेल येईल. आई फेब्रुवारीअखेरीस दोन महिन्यांसाठी आली आणि अडकली. अडकलेल्यांना व्हिसा वाढवून मिळतो, तिचा ऑगस्टअखेरपर्यंत मिळाला आहे. म्हणजे घाई नाही, पण तयारी हवी. नंबर ऐनवेळी लागतो म्हणतात, म्हणून बॅग भरून ठेवली आहे आणि दर रविवारी वजन करायचं ठरवलं आहे. मर्यादा तेवीस किलो. पहिलं वजन आजच केलं: २२.८. उत्तम.

आई रोज जेवताना विचारते, "विमानाचं काय झालं?"

मी रोज सांगते, "अजून काही नाही."

तिला जायची ओढ आहे हे उघड आहे. साहजिक आहे. इथे ती कोणाला ओळखत नाही, बाहेर मी फारशी जाऊ देत नाही, दुधाची खोकीसुद्धा पुसल्याशिवाय फ्रिजमध्ये जात नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. माझ्या बैठका सुरू झाल्या की ती आपणहून बाल्कनीत जाऊन बसते. बाल्कनी तिला आवडते.

आज दादाशी फोनवर बोलत होती. "नाही रे श्रीहर्ष, तिला काम असते दिवसभर. मी बसते बाहेर. माझं काय, मी ढग पाहते."

कंटाळली आहे.

बुधवार, १७ जून

बाल्कनीच्या कठड्याला दोरी आहे. दोरीच्या टोकाला टोपली आहे. दोरी आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या काठाची आहे आणि टोपली खालच्या बाईंची आहे. हे केव्हापासून चालू आहे, मला माहीत नाही. मी बैठकीत होते.

चौकशीअंती कळलं ते एवढं: आई शंकरपाळे खाली सोडते. खालून रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा मुरंबा वर येतो. परवा लोणच्याची बरणी गेली, ती परत आली नाही. आईला त्याचं दुःख नाही.

"वस्तू पुसून घेतेस का?"

"पुसते न बाप्पा. त्या पण पुसतात. एवढं पुसतो आम्ही, की शंकरपाळ्याला साबणाचा वास येऊन राहिला."

अंतर मोजलं. बाल्कनीचा कठडा ते बागेतली खुर्ची, साडेपाच मीटर. नियमाच्या तिपटीहून जास्त. हरकत घ्यायला मला जागा सापडली नाही.

संध्याकाळी आणखी एक प्रकार. टिनेकेबाई टॅबलेटवर आयोवातली वादळं पाहतात. तिकडे वादळांच्या मागे गाड्या घेऊन फिरणारे लोक आहेत, ते थेट प्रक्षेपण करतात. आपल्याकडे संध्याकाळ असते तेव्हा तिकडे दुपार, ढग तयार होण्याची वेळ. टिनेकेबाईंनी टॅबलेट बागेतल्या टेबलावर उभा केला होता, वरच्या दिशेने कलता. आई बाल्कनीतून दुर्बिणीने पाहत होती. दुर्बीण टिनेकेबाईंच्या नवऱ्याची, पक्ष्यांसाठीची. टोपलीतून आलेली.

म्हणजे माझी आई डेल्फ्टमध्ये बसून, पक्ष्यांच्या दुर्बिणीने, दोन मजले खालच्या पडद्यावर, आयोवातला ढग पाहत होती.

मी म्हटलं, "आई, मी तुला लिंक देते. आत सोफ्यावर बसून मोठ्या पडद्यावर नीट दिसेल."

"एकटीनं काय पाहायचं?" आई म्हणाली आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

चित्राची प्रत खरोखर फार वाईट असणार.

रविवार, २१ जून

बॅग: २१.३ किलो.

दीड किलोचा फरक. मी काही काढलेलं नाही. हुक लावून लटकवायचा काटा आहे, स्वस्तातला. उकाड्याने आतली स्प्रिंग सैल झाली असण्याची शक्यता. पुढच्या वेळी तीनदा वजन करून सरासरी घ्यायची.

आईने कुंड्यांत कोथिंबीर पेरली. मी म्हटलं, उगवून हाताशी यायला महिना दीड महिना लागेल, तोवर तू नसशील.

"मग तू खा," आई म्हणाली.

मी कोथिंबीर फारशी खात नाही, हे तिला माहीत आहे.

शुक्रवार, २६ जून

आठवडाभराचा उकाडा आज फुटला. खरं गडगडाटी वादळ. मी बैठक संपवून मुद्दाम बाल्कनीत गेले. माझ्या कामाचाच भाग आहे.

आई खुर्चीत. खाली टिनेकेबाई, आत दाराशी खुर्ची ओढून. विजेत बागेत बसायचं नाही हे त्यांना आयोवाने शिकवलं आहे आणि आईला मी. आईची खुर्ची मी भिंतीला टेकवून घेतली.

दोघींची स्पर्धा चालू होती. मी होते तेवढी लिहून ठेवते.

"टिनेकेबाई! धिस थंडर, स्मॉल!" आई ओरडली.

"बेबी थंडर!" खालून.

"इन हिंगणघाट, बिग! मे मंथ! टिन पत्रा, शाळेचा, ऑल फ्लाइंग!"

"आयोवात आमचा अख्खा गोठा उडाला होता!"

"गाईसकट?"

मी भाषांतर केलं. खालून उत्तर आलं, "गाई नंतर सापडल्या. रागावलेल्या होत्या."

आई एवढी हसली की तिला खोकला आला. मी लगेच आत जाऊन तापमापक आणला. ९८.४. हसण्याचाच खोकला होता.

मग वीज आणि गडगडाट यांतलं अंतर मोजणं सुरू झालं. इथले लोक सेकंद मोजायला एकवीसपासून सुरुवात करतात, कारण डचमध्ये 'एकवीस' म्हणायला बरोबर एक सेकंद लागतो. टिनेकेबाई मोजत होत्या: "एनएनट्विंटख, ट्वेएनट्विंटख..." आई बेचा पाढा म्हणत होती. बे चोकला गडगडाट झाला की वीज चार सेकंदांवर, असं तिचं गणित. खाली आणि वर आकडा वेगळा येई आणि वाद होई. मी फोनवर वीजमापक केंद्रांची नोंद पाहून खरं अंतर सांगितलं. दोघीही चुकल्या होत्या. आई जास्त.

"हिला विचारूच नका," आई खाली ओरडून म्हणाली, मराठीत. "ही घरात आली की वादळाची मजा जाते."

टिनेकेबाईंना काही कळलं नाही, तरी त्यांनी खालून "येस, येस!" केलं.

पर्जन्यमापक नवा, प्रयोगशाळेतला. अठरा मिलिमीटर. माझ्या रडारने अकरा सांगितले होते. लांबून पाहणाऱ्याचं असं होतं. सोमवारी याची नोंद द्यायला हवी.

रविवार, २८ जून

बॅग: १७.९ किलो. तीन मोजमापांची सरासरी.

हा काटा निकामी झाला आहे. दुसरा मागवावा का? विमानतळावर जास्त भरलं तर पंचाईत होईल. सध्या चूक कमीच्या दिशेने आहे, म्हणजे खरं वजन पंचवीससुद्धा असू शकतं.

जेवताना आईने आज विमानाचं विचारलं नाही. विसरली असावी. मीच आठवणीने सांगितलं, "अजून काही नाही."

"बरं," आई म्हणाली आणि मला आणखी एक पोळी वाढली. मी नको म्हटलं होतं.

गुरुवार, २ जुलै

दूतावासाचा मेल आला. सोळा जुलै, स्खिपोल विमानतळावरून दिल्ली. जागा आहे. सोमवारी, ६ तारखेला दुपारी बारापर्यंत होकार कळवायचा. नाही तर पुढच्या माणसाला जाते.

आईला सांगितलं. मला वाटलं होतं, आनंद होईल. झालाच असणार.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुझं टेबल मोकळं होईल. बैठका तरी नीट होतील तुझ्या."

"हो," मी म्हटलं.

मग आईने वांग्याची भाजी केली. मीठ दोनदा पडलं. मी सगळी खाल्ली; दोन ग्लास पाणी जास्त लागलं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "मस्त. आईला काय वाटतं?"

"ती रोज विमानाचं विचारत होती."

"हो, पण तिला वाटतं काय?"

मी म्हटलं, तेच तर सांगितलं. दादाला नेमका प्रश्न विचारता येत नाही, हे लहानपणापासून आहे.

शुक्रवार, ३ जुलै

काटा तपासला. सोमवारच्या आत वजन खात्रीचं हवं.

पद्धत: एक लिटर दुधाची दहा खोकी, पिशवीत. दुधाची घनता १.०३ धरून अधिक खोक्यांचं आणि पिशवीचं वजन. अपेक्षित १०.६. काट्याने दाखवलं १०.६. पाच खोक्यांनी पुन्हा. पुन्हा बरोबर.

म्हणजे काटा ठीक आहे. म्हणजे बॅग खरंच हलकी होते आहे. बॅग आपोआप हलकी होत नाही.

बॅग उघडली. तळाशी दोन लुगडी, बाबांचा फोटो, औषधांची पिशवी, हिवाळी कोट. बाकी काही नाही. आज ९.२.

आई दाराशी उभी होती.

"आई, यातलं सामान कुठे गेलं?"

"कुठे जाईल? घरातच आहे. लागलं तसं काढलं."

मी घरात पाहिलं. खरंच होतं. स्वेटर माझ्या खुर्चीच्या पाठीला. तिचा डबा ओट्यावर, तिच्या चपला दारात माझ्या बुटांशेजारी, तिची उशी सोफ्यावर, तिची पुस्तकं माझ्या पुस्तकांत. लोणचं खाली, एक लुगडं कठड्याला. तीन आठवडे हे माझ्यासमोर होतं आणि मी दर रविवारी स्प्रिंगला दोष देत होते.

"तुला जायचं होतं न? रोज विचारायचीस."

"तू रोज काटा घेऊन बसायचीस," आई म्हणाली. "आल्या माणसाची बॅग कोणी दर आठवड्याला तोलते का? मला वाटलं, लेकीला घाई आहे. आपण विचारत राहावं, म्हणजे तिला अवघड नको."

"मी मर्यादेसाठी तोलत होते."

"हो न. मी पण तेच म्हणते."

मग तिला भांडी घासायची होती. मला एका मेलला उत्तर द्यायचं होतं. मी मेल उघडला आणि तोच परिच्छेद बराच वेळ वाचत राहिले. कशाबद्दल होता ते आता आठवत नाही.

शनिवार, ४ जुलै

सकाळपासून मी आईला विचारायचा प्रयत्न करते आहे. चार वेळा. प्रत्येक वेळी मी बोलते ते दूतावासाच्या मेलसारखं होतं. एकदा "तुझ्या दृष्टीने दोन्ही पर्यायांचे फायदे..." इथपर्यंत गेले. आईने विचारलं, बैठक सुरू आहे का, आणि बाल्कनीत जायला उठली.

खाली टिनेकेबाई पर्जन्यमापक पुसत होत्या. मी खाली गेले. दोन मीटर.

"ती सोळाला जाते आहे का?" त्यांनी विचारलं.

"ठरायचं आहे. सोमवारपर्यंत."

"ऑगस्टमध्ये इथे चांगली वादळं येतात," त्या म्हणाल्या. "आयोवासारखी नाहीत. पण गोठा हलेल इतकी. मी तिला कबूल केलं होतं."

"तुम्ही तिला थांबायला सांगितलंत?"

"मी? मी ढगांबद्दल बोलते. थांबायला सांगायचं काम माझं नाही." त्यांनी फडकं पिळलं. "तू सांगितलंस का?"

मी म्हटलं, मला ते बोलून जमत नाही. लिहून जमेल कदाचित.

त्यांनी टोपलीकडे पाहिलं.

टोपली खालीच होती. सकाळचे शंकरपाळे येऊन गेले होते. वर आई दुर्बीण लावून बसली होती आणि थेट माझ्याकडेच पाहत होती, दोन मजल्यांवरून. मी टिनेकेबाईंकडे कागद मागितला. त्यांनी पुसून दिला.

लिहिलं ते इथे उतरवते. प्रत ठेवायची सवय आहे.

"आई,

१. बॅग मी तोलत होते, कारण विमानाची मर्यादा तेवीस किलो आहे. दुसरं कारण नव्हतं.
२. तू रोज विचारत होतीस म्हणून मी समजले, तुला जायचं आहे. मी लांबून तर्क केला. विचारलं नाही.
३. तुझा व्हिसा ऑगस्टअखेरपर्यंत आहे. पुढची विमानंही असतील.
४. टेबल पुरेसं मोठं आहे. बैठकीच्या वेळी तू कॅमेऱ्यात दिसलीस तर काही बिघडत नाही. लोकांना मुलं दिसतात, मांजरं दिसतात.
५. दादा बोलावतो आहे. हिंगणघाटचं घर बंद आहे. तुला जावंसं वाटत असेल तर मी सोमवारी होकार कळवीन आणि स्खिपोलला सोडायला येईन, मास्क लावून.
६. तू राहावीस असं मला वाटतं. कोथिंबिरीसाठी नाही.

उद्या, रविवारी, रात्रीच्या जेवणाआधी उत्तर हवं. होय किंवा नाही. खाली पाठवायचं असेल तर मी बागेत आहे.

दीपा"

कागद टोपलीत ठेवला. वर पाहिलं. दोरी हलली.